तांडेलबाईंचे फ्रीझर

रत्नागिरीच्या गृहऊर्जा केंद्रात वृंदा गोंधळेकर सकाळपासून एकाच इमारतीच्या आकड्यांकडे पाहत बसली होती, आणि आता तिला त्यांचा वीट आला होता. 'तरंग' इमारतीतली घरं गेल्या काही दिवसांत दमट आणि गरम होत चालली होती. यंत्रांत बिघाड म्हणावा तर सापडत नव्हता. दुसरी कुठली इमारत असती तर तिनं हे उद्यावर ढकललं असतं. पण तरंगच्या दुसऱ्या मजल्यावर तिचे बाबा राहत होते. त्यांची फुप्फुसं निम्मी कामातून गेली होती. या उन्हाळ्यातल्या दमट हवेत ते टिकणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

तिचा सहकारी शिराज मुकादम उष्णतेच्या गणितात मुरलेला माणूस. त्यानं तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

"शोषकचक्रं ओली आहेत. हवेतली वाफ पिऊन तुडुंब झालीत. त्यांना वाळवायला उष्णता मिळत नाहीये."

"उष्णता इंधनघटांची. घट तर ठणठणीत आहेत."

"ठणठणीत आहेत, पण बसून आहेत. घट वीज करतो तेव्हाच तापतो, आणि वीज करतो ती कुणी वापरली तर. तुझ्या तरंगमध्ये वापरतंय कोण?"

वृंदानं डोळे मिटले. रचना तिचीच होती. प्रत्येक घरात गॅसवर चालणारा एक इंधनघट. त्याची वीज त्या घराला, आणि उरलेली उष्णता गरम पाण्याच्या सामाईक नळातून साऱ्या इमारतीच्या शोषकचक्रांना. चक्रानं कोरडी केलेली हवा पाण्याच्या फवाऱ्यानं गार व्हायची. गारव्यासाठी वेगळं इंधन लागत नाही, हे ती व्यासपीठांवरून मिरवत आली होती. दिवसा सौर विजेनं तुंबलेली शहराची वीजवाहिनी घरांकडची जादा वीज घेत नव्हती. म्हणजे घरात जितकी काटकसर, तितकी हवा ओली. वीज पुरवून वापरणाऱ्या माणसाचा विचारच कुणी केला नव्हता.

आणि तरंगमध्ये ही काटकसर कुणी आणली, हे तिला विचारायची गरज नव्हती. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. तळमजल्यावरच्या दर्शना तांडेलनं मागच्या ओट्यावर मासळीचे दोन मोठे फ्रीझर ठेवले होते, ते रात्रंदिवस घुमायचे. बाबांनी सभा बोलावून उधळपट्टीवर असं काही भाषण ठोकलं, की बाई खाली मान घालून फ्रीझर भावाकडे पाठवून मोकळी झाली. उरलेल्या बिऱ्हाडांनीही लाजेकाजेस्तव हात आखडता घेतला.

"चक्रं वाळवायला स्वतंत्र शेगड्या बसवायच्या तर पावसाळा उजाडेल," मुकादम म्हणाला. "तोवर कुणीतरी वीज खायला हवी."

ती तरंगमध्ये पोचली तेव्हा बाबा खुर्चीत पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत होते. सदरा पाठीला चिकटला होता. बरा आहे गं, असं म्हणायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. वृंदाला इतका थकवा आला की तिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. गॅलरीत दोन हीटर चोवीस तास चालू ठेवायचे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"कुणासाठी?"

"कुणासाठीच नाही. नुसते."

"रिकामी वीज जाळायची? ते माझ्याच्यानं होणार नाही, वृंदा. आणि तू लावलेस तर मी उठून बंद करीन. मला माझी खोड माहीत आहे."

ती वाद घालायच्या पलीकडे गेली होती. खरं तेच बोलत होते म्हातारबुवा. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे वर्षभर मी त्या पोरीच्या फ्रीझरांवर श्वास घेत होतो?"

वृंदानं होकारार्थी मान हलवली. ते भिंत धरून उठले आणि जिना उतरू लागले. तिनं अडवलं नाही, फक्त दंड धरला.

दर्शनानं दार उघडलं. तिच्या कडेवरचं तान्हं घामोळ्यांनी लालभडक झालं होतं आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता. मास्तरांना पाहून ती ओशाळली. त्यांचीच विद्यार्थिनी.

"सर, मशीन बिघडली ना? माझ्याच फ्रीझरांनी बिघडली असणार. तुम्ही सांगितलात तेव्हा लगेच काढले, पण उशीर झाला वाटतं. म्हणून तक्रार नाय केली मी."

मास्तर चौकटीला टेकले. बोलायला दम नव्हता, तरी त्यांनी वृंदाला बोलू दिलं नाही.

"तुझ्यामुळे चालत होती. मी बंद पाडली. फ्रीझर परत आण."

दर्शनानं वृंदाकडे पाहिलं, तिनं होकार दिला. तरीही बाई नकारार्थी मान हलवत राहिली. "आता नको, सर. भर सभेत मान खाली घातली मी. परत आणले तर आता लोक मासळीच्या वासाचंही काढतील."

गोंधळेकर मास्तरांच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं बाळाच्या कपाळावरचा घाम टिपला.

"माझ्या गॅलरीत ठेव. दोन्ही," ते म्हणाले. "आणि भरलेले ठेव, दर्शना. रिकामे असले तर मी बंद करीन."