सांधा लागला

या, बसा. चार्ज घ्यायचा म्हणजे वहीत सही ठोकायची आणि किल्ल्या खिशात टाकायच्या, असं तुम्हाला वाटत असणार. आधी हे दांडे नीट बघून घ्या. अठरा आहेत. लाल सिग्नलचे, काळे सांध्यांचे. आणि हा मधला अकरा नंबर पांढरा. पांढरा म्हणजे कामातून गेलेला. नवा बोल्ट मारलाय, तरी त्याला हात लावू नका. आणि या कॅबिनमध्ये एक शब्द चुकूनही तोंडातून काढू नका. तो कोणता, हे सांगायलाच तुम्हाला बसवून घेतलंय.

अकरा नंबर ओढला की शंभर पावलांवर, त्या खिडकीतून दिसतं ना तिथे, गाडी या लाइनीवरून शेजारच्या लाइनीवर जायची. सांधा जुना झाला होता. मध्ये खडी अडकायची, त्याचं सरकणारं पातं रुळाला घट्ट टेकायचं नाही, आणि मागच्या सगळ्या गाड्या रखडायच्या. म्हणून तिथे फोन देऊन एक सांधेवाला बसवला होता. सांध्याला ग्रीसही तोच लावायचा. पातं टेकलेलं डोळ्यांनी बघून तो सांगणार, "सांधा लागला." मी म्हणणार, "मिळाला," म्हणजे निरोप पोचला. मगच सिग्नल द्यायचा. बावीस वर्षं हेच चाललं. बोलण्याआधी तो एकदा खोकायचा, म्हणून आम्ही त्याला खोकलेबुवा म्हणायचो. मला तर इतकी सवय जडली होती, की घरी बायकोने "पान वाढलंय" म्हटलं तरी मी "मिळाला" म्हणायचो. ती हसून बेजार व्हायची.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भर दुपारी चार गाड्या एकामागे एक खोळंबलेल्या, आणि साहेब फोनवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. अकरा नंबर पूर्ण बसेना. मी भडकलो. चौकटीला पाय लावला आणि सगळा जोर काढून दांडा ओढला. खडी असली की दांडा ठणकन अडतो, हे हाताला माहीत असतं. हे तसं नव्हतं. आधी काहीतरी दबलं, मग कटकन मोडलं, आणि दांडा बसला. खोकलेबुवाचा फोन आला नाही. मी वाट पाहिली नाही. सिग्नल देऊन टाकला.

खडी काढायला त्याने हात घातला होता. मनगट पात्यात चिरडलं होतं आणि दुसऱ्या हाताने तो फोनकडे झेप घेत होता. फोन वीतभर लांब होता. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा गाडी त्याच्यावर आलीच होती. ब्रेक लागले, चाकं किंचाळली, आणि तो डब्याखाली ओढला गेला. पात्यात हात तेवढा उरला. मी खाली गेलो तेव्हा त्या हाताची बोटं अजून हलत होती.

आणि मी काय केलं? वर येऊन वहीत लिहिलं, ‘सांधा लागला असा फोन आला.’ म्हणजे चूक त्याची. त्याच्या बायकोलाही सगळ्यांनी तेच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी भिंतीकडे. भ्याड आहे मी, दुसरं काय!

मग साहेबांनी तो सांधाच उखडून टाकला. तिथे सरळ रूळ घातले. सांधा नाही तर बिघाड नाही. खरंच, गाड्या घड्याळ लावून घ्यावं इतक्या वेळेवर धावायला लागल्या. मलाही शाबासकीचा कागद मिळाला. खोट एवढीच, की एखादी गाडी मध्येच बंद पडली तर मागच्या गाडीला वळवायला जागा उरली नाही.

मागच्या महिन्यात तेच झालं. दुपारचे चार. पुढे एक गाडी बंद पडलेली, आणि तिच्या मागे या खिडकीखालच्या सिग्नलला माझा धाकटा भाऊ. तो मोटरमन. आई-वडील लवकर गेले, त्याचं नाक पुसण्यापासून त्याला नोकरीला लावण्यापर्यंत सगळं मीच केलंय. सिग्नलच्या फोनवरून तो म्हणाला, "दादा, डब्यात माणसं घुसमटतायत. पलीकडच्या लाइनीवर घे ना मला."

"कुठून घेऊ? माझ्या डोक्यावरून?"

"सांधा असता तर..."

"गप उभा राहा," म्हणालो आणि फोन ठेवला. पण मनात आलंच. सांधा असता तर...

तेवढ्यात तो वाजला. तो बघा, कोपऱ्यातला काळा फोन, खोकलेबुवाशी जोडलेला. त्याची वायर कापून गुंडाळून ठेवलीय, तेव्हाही तशीच होती. मी उचलला. आधी नुसती खरखर. तापलेल्या ग्रीसचा वास आला. मग एक खोकला...

"सांधा लागला."

"मिळाला," मी म्हणालो.

मी नाही हो, माझं तोंड म्हणालं. बावीस वर्षांची सवय! शब्द गिळायला गेलो तोवर बोल्ट तुटून काचेवर आदळला, पांढरा दांडा आपोआप खाली आला आणि सिग्नल हिरवा झाला. भावाने गाडी काढली. मी खिडकीतून ओरडलो, "थांब रे! थांब!" त्याने मला हात केला. हसत होता.

जिथे सरळ रूळ आहेत तिथे चाकं सांध्यावर वाजतात तशी वाजली, आणि पहिला डबा शेजारच्या लाइनीकडे वळला. मागचे सरळच आले. मधली जोडणी फाटली, डबा आडवा झाला, आणि समोरून येणारी गाडी त्यात घुसली. पत्रा फाटला, काचा उडाल्या, माणसं खडीवर फेकली गेली. नऊ गेली. मी त्यांच्यामधून भावाला हाका मारत फिरत होतो.

तो जिवंत सापडला. अंगावर ओरखडा नाही, फक्त उजवा हात मनगटापासून नाही. डॉक्टर म्हणाले, दोन लोखंडांत धरून चिरडल्यासारखा तुटलाय. मोटरमनच्या केबिनमध्ये असं काही नसतं हो. चौकशीवाल्यांनी रूळ तपासले. सरळ होते. त्यांनी भावाचीच चूक ठरवली. या वेळी मी खरं लिहून दिलं, दोन्ही वेळचं. त्यांनी मला रजेवर पाठवलं, म्हणून तर आज तुम्हाला चार्ज.

तेव्हापासून ‘मिळाला’ हा शब्द मी तोंडातून काढलेला नाही. आत्ता सांगितला तेवढाच, तोही तुमच्यासाठी. पण काल सकाळी बायको विचारत होती, "झोपेत कुणाशी बोलत होतात?"

"काय म्हणत होतो?"

"आधी खोकलात. तुमचा खोकला नव्हता तो. म्हणालात, सांधा लागला. मग तुमच्याच आवाजात... मिळाला."

मी तसाच धावत इस्पितळात गेलो. भाऊ शांत झोपला होता. नर्सने चादर बाजूला केली. त्याच्या डाव्या मनगटाभोवती काळानिळा वळ उठला होता, आणि त्यावर ताजं ग्रीस होतं.