रोज बोटभर खाली जाणारी गाडी

"आपली गाडी कोणीतरी चोरतंय!" घंटी ओरडतच घरात शिरला. "आणि एकदम नाही, रोज थोडी थोडी!"

घंटी म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय वर्षं नऊ. तोंड एकदा वाजायला लागलं की थांबायचं नाव नाही, म्हणून घंटी. सुट्टी लागल्यापासून त्याने अशा चार चोऱ्या शोधून काढल्या होत्या, त्यामुळे ताईने पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. शेजारची वकील मात्र सरसावून बसली. या मुलीला कशावरही वाद घालायला आवडायचं, म्हणून सगळे तिला वकील म्हणायचे.

"पुरावा?"

"हा बघ!" घंटीने कपाळावरचं टेंगूळ पुढे केलं. "परवा चेंडू काढायला गाडीखाली गेलो, तर काही झालं नाही. आज ठाणकन लागलं!"

"तुझं डोकं वाढलं असेल."

"दोन दिवसांत?"

वकील उठलीच. तिघं शेडमध्ये गेली. बाबांची गाडी चांगली उंच होती, पण तिचा मागचा भाग खरंच खाली बसला होता! मागच्या भिंतीवर निळ्या खडूच्या आडव्या रेघा होत्या, एकीखाली एक, आणि शेजारी तारखा. ताईने तो खडू ओळखला. बाबा शिंपी होते, कापडावर खुणा करायचा त्यांचा तो चपटा खडू. कोपऱ्यातल्या चिंध्यांखाली वकिलाला लोखंडी वेटोळ्याचे कापलेले तुकडे सापडले.

"चोर घरातलाच आहे," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. गेले तीन महिने त्या घरात हसण्यासारखं फारसं काही घडलंच नव्हतं. ऑपरेशननंतर आईचा डावा पाय उचलत नव्हता. दवाखान्यातून आणताना बाबांनी तिला उचलून गाडीत ठेवलं, तेव्हा रस्त्यावरचे लोक बघत उभे राहिले. "मी काय गाठोडं आहे?" म्हणत ती ढसाढसा रडली होती. त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी नेहमीसारखं मुलांना वाचनालयात पिटाळलं. तिघं मागच्या दाराने परत आली आणि शेडमधल्या फळ्यांआड लपली.

बाबांनी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ लावला. गाडी जॅकवर चढवून मागची एक स्प्रिंग काढली, टेपने मोजली, खडूने खूण केली आणि ग्राइंडरने सरळ कापली! ठिणग्या उडाल्या. पँट आखूड करावी तसं चाललं होतं सगळं. स्प्रिंग परत बसवल्यावर त्यांनी तिला हात लावला, तर ती गरकन फिरली.

"अगं, ती सैल आहे!" वकील कुजबुजली. तिच्या मामाचं गॅरेज होतं. "मामा म्हणतो, स्प्रिंग जागची हलता कामा नये."

"श्श!"

बाबांनी गाडी खाली घेतली. मग ते दार धरून उभे राहिले, डावा पाय लुळा सोडला आणि तो ओढत ओढत मागच्या सीटवर बसायला लागले. एकदा जमलं नाही. दोनदा नाही. तिसऱ्यांदा बसले, आणि तसेच आत बसून तोंडावर हात घेऊन रडले.

ताईला सगळं उलगडलं. आईला स्वतःहून चढता यावं म्हणून बाबा गाडी खाली आणत होते! त्यांना जाऊन मिठी मारावी असं तिला वाटलं. पण वकिलाने तिला ओढतच गॅरेजकडे नेलं.

सगळं ऐकून मामांच्या हातातला पाना खाली आला. "खड्ड्यात चाक लोंबलं की ती स्प्रिंग निसटेल! गाडी उलटायची! पळा! मी हे चाक बसवून आलोच. तोवर गाडी जागची हलू देऊ नका!"

धापा टाकत तिघं घरी आली. बाबा आईचे केस विंचरत होते. आई ठेवणीतली साडी नेसली होती.

"कुठे उंडारत होता रे? चला, तळ्यावर जायचंय!"

"बाबा, गाडी नका काढू! स्प्रिंग सैल आहे."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं? मी नीट मोजून केलंय!"

आता एकच उपाय होता. वकिलाने मामाकडे शिकलेली विद्या वापरली. मागच्या दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह काढून तिने हवा सोडली आणि ते खिशात टाकले.

आई आली. चार पावलांना तिला पाच मिनिटं लागली. दार धरून ती टेकली, दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला आणि बसली. एकटी!

"बसले की हो मी!" ती हसली. तीन महिन्यांनी हसली.

गाडी हातभर सरकली आणि फदफद करत थांबली. बाबा उतरले. त्यांनी चाकं पाहिली.

"कोणी केलं हे?"

"मी करायला लावलं," ताई म्हणाली.

बाबांचा हात वर गेला. ताई जागची हलली नाही. तेवढ्यात मामांची स्कूटर आत शिरली.

"टेलर मास्तर, थांबा! त्या मुलीला नंतर मारा, आधी हे बघा." त्यांनी गाडीचा एक कोपरा जॅकवर उचलला आणि दोन बोटांनी स्प्रिंग खुळखुळ्यासारखी हलवून दाखवली. "गाडी म्हणजे पँट नव्हे हो! मापाच्या आखूड स्प्रिंगा मिळतात. मला विचारायचं तरी! उद्या बसवून देतो."

बाबांनी वर गेलेला हात खाली घेतला. "सांगायला धीर झाला नाही," ते अगदी हळू म्हणाले. "डॉक्टर म्हणालेत, मुलांची शाळा उघडेपर्यंत त्यांची आई जगली तर खूप झालं."

ते ताईने ऐकलं. तिने मनात मोजलं. शाळेला अठरा दिवस होते.

मामा डोळे पुसून मोठ्याने म्हणाले, "शाबास रे पोरांनो! आज तुम्ही आईचा जीव वाचवलात!"

"माझीच पोरं ती!" आई आतून म्हणाली. "आणि मला उतरवू नका इतक्यात. बसू दे इथेच जरा."

बाबांनी ताईला जवळ घेतलं. घंटी मात्र फुलून गेला होता. त्याने ताईचा हात ओढला.

"ताई, खरंच वाचवला ना गं आपण आईचा जीव?"

ताईने त्याचे विस्कटलेले केस सारखे केले.

"हो रे," ती म्हणाली. "जा, आईजवळ जाऊन बस."