माझ्या नावावर न्या

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच सोडा, पण अर्ध्यावर येऊन "रचलीय" म्हणू नका. जिच्याबाबत घडली ती मंदा माझी सख्खी मावशी आहे. अजून हयात आहे. आम्ही बौद्ध, आमच्या दाराला कधी कुणी लिंबू-मिरचीसुद्धा बांधली नाही. भूत म्हटलं की सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती मावशीच.

आता हसत नाही.

साल १९९४. ऑक्टोबर महिना, शुक्रवार. दुपारचे तीन.

हो, भर दुपार.

जागा भिवंडी. निजामपुऱ्याच्या मागच्या गल्लीतलं एक लहानसं चर्च. नाव सांगणार नाही.

भिवंडीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट इतकी अंगवळणी पडलेली असते की ती ऐकूच येत नाही. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी मात्र कान भांबावतात. घड्याळाची टिकटिकसुद्धा मोठी वाटते.

मावशी लूमवर कांड्या भरायच्या कामाला होती. कांडी म्हणजे सूत गुंडाळायची लाकडी नळी. १९८२ साली याच चर्चच्या व्हरांड्यात केसरीनाथ मास्तर चाळीस पुस्तकं मांडून बसायचे. मावशी पाणी मागायला म्हणून थांबली आणि तिथलीच झाली. पण पुस्तक घरी न्यायचं तर चर्चच्या मंडळीचं सभासद असावं लागे.

मास्तर म्हणाले, "माझ्या नावावर ने."

पुढे तीच तिथली रीत झाली. पुस्तक काढलं की रिकाम्या जागी एक फुटकी कांडी उभी करायची, तिच्यावर नेणाऱ्याच्या नावाचा कागद. ही युक्ती मावशीची. बाहेरच्या बायकांनी पुस्तक नेलं की मास्तर कांडीवर स्वतःचं नाव लिहायचे. टपोरं अक्षर, प्रत्येक अक्षराचं शेपूट खाली ओढलेलं. शंभरांत ओळखू यावं असं.

मावशीनं सुट्ट्या रद्दीच्या दुकानांत घालवल्या. लोकांची पोरं फिरायला जायची, आम्ही मावशीबरोबर रद्दी उपसायचो! चाळीसची दीडशे झाली. शहाऐंशीला पहिलं कपाट आलं, एकोणनव्वदला चर्चनं मागची खोली दिली. त्र्याण्णवला पुस्तकं अकराशेच्या वर गेली. दिघाशी, अंजूर अशा आसपासच्या गावांहून बायका यायच्या.

मास्तर येईल त्याला सांगायचे, "हे सगळं मंदाचं. मी आपला नावापुरता."

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात मास्तर वारले. शेवटचा महिनाभर त्यांना दोन्ही वेळचं मावशीनंच भरवलं.

सप्टेंबरात चर्चचे सेक्रेटरी यादवभाऊ यांनी तिच्यासमोर एक पत्र ठेवलं. तेच टपोरं अक्षर. 'बाहेरच्यांना पुस्तकं दिली, ही माझी चूक झाली. यापुढे सभासदांनाच द्यावीत. मंदाकडून चावी घ्यावी.'

खाली तारीख होती. त्या दिवशी मावशीनं त्यांना दुधात भाकरी कुस्करून भरवली होती. ते पोटभर जेवले होते. बोलले काहीच नव्हते.

"ऑक्टोबरपर्यंत पुस्तकं तपासा आणि चावी द्या," यादवभाऊ म्हणाले. "आमचा विलाज नाय, मंदाताई. मास्तरांचाच शब्द हाय."

मावशी घरी येऊन जेवली नाही. बारा वर्षं केलं, आणि मी बाहेरची? हे एकच वाक्य ती रात्रभर बोलत होती.

तर, तो शुक्रवार.

सगळी पुस्तकं जमा झाली होती. कपाटात एकही कांडी नव्हती. मावशी एकटीच यादी ताडून बघत होती.

आणि मागच्या कपाटापाशी...

पान उलटल्याचा आवाज आला.

खिडकी बंद होती.

मावशी उठून गेली. कुणी नव्हतं. दुसऱ्या फळीवर मात्र एका पुस्तकाची जागा रिकामी होती. तिथे कांडी उभी होती.

वर लिहिलं होतं... केसरीनाथ.

मावशीनं बोट लावलं. बोटाला निळी शाई लागली.

तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. दिघाशीची बकुळा, मावशीची जिवाभावाची मैत्रीण. लेकीच्या बाळंतपणासाठी ती एप्रिलपासून लेकीकडे, लांबच्या गावी होती. हातात पुस्तकांसाठी आणलेली पिशवी, पण ती उंबऱ्यातच थांबली.

"मास्तर बसलेत जनू," ती हळू आवाजात म्हणाली. "बोला तुमी. मी मागून येते."

मावशीनं वळून खुर्चीकडे बघितलं.

"पन किती वाळलेत गं मास्तर! दुखनं हाय का काय?"

बकुळा बघत होती त्या खुर्चीवर कुणीही नव्हतं.

मावशीनं तिला ओढत बाहेर नेलं आणि सांगितलं, मास्तर मे महिन्यातच गेले. बकुळा पांढरीफटक पडली. पिशवी पायरीवर टाकून तिनं जी धूम ठोकली, ती थेट स्टँडपर्यंत.

दुसरी कुणी असती तर कुलूप लावून गेली असती. मावशी पुन्हा आत गेली. तिला वाटलं, मास्तर आलेत ते माफी मागायला. केलेली चूक त्यांना खात असेल.

तिनं खुर्ची पुसली. पाण्याचा तांब्या ठेवला.

"मास्तर, असं का केलंत?"

नुसतं एक पान उलटलं.

मग तिला वाटलं, मेलेल्या माणसाचं नाव तर सभासदांच्या वहीतून कमी होतं. आता त्यांनाही पुस्तक मिळायचं नाही. तिला हसूही आलं, रडूही आलं. आणि ती म्हणाली,

"न्या मास्तर, पाहिजे ती न्या. माझ्या नावावर न्या."

पानाचा आवाज थांबला.

तिनं कुलूप लावलं. चावी पदराला बांधली. आठवडाभर ती पदराला होती.

पुढच्या शुक्रवारी चावी द्यायची होती. यादवभाऊ आले, मंडळीची आणखी तिघं आली. मावशीनं कुलूप उघडलं...

कपाटांत जागोजागी कांड्या उभ्या होत्या. एकसष्ट.

प्रत्येकीवर एकच नाव. मंदा. मंदा. मंदा.

तेच टपोरं अक्षर, खाली ओढलेलं शेपूट.

"तुमी पुस्तकं नेत होता ते मास्तरांना माहीत होतं तर," यादवभाऊ सावकाश म्हणाले. "मरायच्या आधी एकेक लिहून ठेवलं त्यांनी. मंदाताई, पुस्तकं कुठं हायत?"

मावशी ओरडून सांगत राहिली. शाई बघा, ओली आहे! कुणी बोट लावायलाही पुढे झालं नाही. शेवटी ती म्हणाली, "बकुळाला विचारा. तिनं मास्तरांना इथं बघितलंय."

बकुळाला रविवारी बोलावलं. ती आली. मावशीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

"मी त्या दिशी भिवंडीला आलेच न्हाय," ती म्हणाली.

मावशीला त्या खोलीतून हात धरून बाहेर काढलं. रद्दीतून एकेक पुस्तक निवडून तिनं भरलेली खोली ती. मावशी म्हणते, मास्तरांनी केलं ते मरून केलं. बकुळा तर जिवंत होती.

त्या संध्याकाळी केर काढताना तिचा झाडू खाटेखाली कशाला तरी अडला.

ती वाकली.

भिंतीला लावून एक सरळ रांग. एकसष्ट पुस्तकं, पाठीवर चर्चचे नंबर.

तिच्या घराला कडी होती, कुलूप होतं. सकाळीच तिनं खाटेखालून पोछा मारला होता.

परत नेऊन दिली तर चोरी कबूल केल्यासारखं होईल, म्हणून दिली नाहीत. एकदा मी म्हटलं, रद्दीत देऊन टाकू या. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विषय काढला नाही. मास्तरांनी पुस्तकं तिला दिली की तिला अडकवलं, हे तिला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्यांतलं एकही तिनं उघडलेलं नाही. पण दर शुक्रवारी लूम थांबले की खाटेखालून पान उलटल्याचा आवाज येतो, असं ती सांगते. त्या दिवशी ती सकाळीच आमच्याकडे येते आणि संध्याकाळपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात बसून राहते.