ताऱ्यांनी भरलेला फोन

रमिलाताई फोनवरचे धडे शिकत राहिल्या, तर यंत्रमानव बंडोपंत यांची शिक्षकाची नोकरी टिकणार होती. ताईंनी धडे सोडले, तर बंडोपंतांची बदली बसस्थानकाच्या प्रसाधनगृहात, दार उघडायला आणि लावायला. म्हणून पाड्यावरच्या या आशाताईंना (घरोघरी जाऊन लोकांच्या तब्येतीची काळजी घेणाऱ्या सेविकेला) शिकवण्यात बंडोपंतांनी कसर ठेवली नव्हती. धडा संपला की तारा, तारे साठले की तुतारी.

ताईंच्या फोनवर तारे मावेनात. बंडोपंत खुशीत तपासणीला आले.

"ताई, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची?"

ताईंनी मान वळवली. "जुई, सांग गं यांना."

ओसरीवर बसलेली त्यांची भाची म्हणाली, "तिसरं बटण दाबायचं. तुतारी वाजते."

बंडोपंतांच्या डोळ्यांपुढे प्रसाधनगृहाचं दार आलं. "म्हणजे धडे हिने केले?"

"मग काय करू? तुमचा धडा पाऊण तासाचा, तोही रेंज असेल तर. भर थंडीत उष्माघात शिकवता. तुम्हाला तारे हवेत, पोरीला तुतारी. मला काय हवंय, ते विचारलंत कधी?"

"काय हवंय?"

"वरच्या पाड्यावर एक बाळ दवाखान्यातून घरी आलंय, मुठीएवढं. उद्या त्याला बघायला जायचंय."

बंडोपंतांनी तिथेच बसून धडा कापला, ताईंच्या बोलीत आणला, रेंजशिवाय चालेल असा फोनमध्ये साठवला. शंका विचारायला शेजारच्या गावांतल्या सेविका आणि नर्सबाई जोडून दिल्या.

दुसऱ्या दिवशी ताई परतल्या त्या बोलतच. "बाळाला टोपी घातली, आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून गोधडी. छान ऊबदार झालं, दूधही प्यायलं. त्याची आजी म्हणते, भाकरी शेकताय की पोर?" आणि त्यांनी स्वतःच फोन उघडला. "आता जुळ्यांना कसं ठेवायचं, ते सांगा."

जुई चकित झाली. "तुतारी नसताना आत्याने फोन कसा उघडला?"

"तारे म्हणजे बाह्य प्रेरणा (बाहेरून दाखवलेली लालूच)," बंडोपंत म्हणाले. "त्यापायी माणूस तारेच गोळा करतो. उद्या लागणारी गोष्ट आज कळली, अडलं तर विचारायला माणसं मिळाली, की आंतरिक प्रेरणा (आतून वाटणारी ओढ) जागते. मग शिकणारा आपण होऊन परत येतो."

"आणि तुतारी?"

"बंद. तारेही."

जुळ्यांचा धडा आता ताईंच्याच आवाजात इतर पाड्यांवर जाणार होता. बाळाला ऊब मिळाली, ताईंना उत्तरं, बंडोपंतांची नोकरी टिकली. किंमत मोजली ती एकट्या जुईने. जिल्ह्यातल्या सगळ्या आशाताईंमध्ये ताऱ्यांत तिचा पहिला नंबर होता, तो गेला.