गवतातली वेस

हे कुणाला सांगणार नाही असं मी माझ्या मैत्रिणीला, हिमानीला, कबूल केलं होतं. पण आता सांगावंच लागेल.

ऑगस्टमधली गोष्ट. इथे अमेरिकेत, आमच्या हर्नडनला, कित्येक आठवडे पाऊस नव्हता. संध्याकाळी पुढच्या लॉनला पाणी घालायचं काम हिमानीचं. तिने पाइप धरला की तिच्या आजी, पद्मजाआजी, पायरीवर येऊन बसायच्या. अलीकडे त्यांना नातीचं नाव आठवत नसे. पण तरुणपणी आजोबांच्या नोकरीपायी त्या इंग्लंडमधल्या बाजाराच्या ज्या छोट्या गावात राहिल्या, ते लख्ख आठवे. तिथला गावाभोवतीचा जुना तट केव्हाच पडला होता. रस्ता मात्र अजून तटाच्याच वळणाने जायचा, आणि उन्हाळा कडक असला की जमिनीतल्या दगडांवरचं गवत पिवळं पडून तटाची रेघ उमटायची.

"पूर्वी दिवस बुडाला की वेस लावायचे," आजी सांगायच्या. "बाहेर राहिला तो बाहेर."

त्या उन्हाळ्यात तशी रेघ हिमानीच्या लॉनवर उमटली. हातभर रुंद, घराला वळसा घालणारी. दारासमोरची जागा तेवढी हिरवी. तिच्या बाबांनी, अनयकाकांनी, बियाणं खराब निघालं असं ठरवलं आणि आणखी पाणी घालायला सांगितलं. आजोबा मात्र रेघ बघून आत गेले, ते पुन्हा लॉनवर आलेच नाहीत.

शनिवारी आजींना वृद्धांच्या होममध्ये नेलं. गाडीत बसताना त्यांनी अनयकाकांची बाही धरली.

"वेस लावायच्या आत परत आणशील ना रे?"

"हो आई, ऑफ कोर्स. थोडेच दिवस."

आजींचं कपाट सकाळीच डोनेशनला गेलं होतं. हिमानीला ते माहीत होतं. आजी तिच्याकडे बघत राहिल्या, आणि ती स्वतःच्या चपलांकडे. आमच्या घरांत मुलांना सगळे क्लास लावतात, मध्ये बोलायचा तेवढा लावत नाहीत.

संध्याकाळी ती पाइप घेऊन गेली, तर दारासमोरचं हिरवंही पिवळं पडलं होतं. रेघ जुळली होती. पाणी तिथे मुरेना, नुसतं पसरत राहिलं. तिने गुडघे टेकून बोटांनी माती उकरली. खाली दगड होता. घडीव, गार, शेजारच्या दगडाला घट्ट चिकटलेला. घर बांधायच्या आधी इथे नुसतं मक्याचं शेत होतं.

मग खोबरेल तेलाचा वास आला, आजींच्या केसांना यायचा तोच. समोर मोकळा रस्ता, चिटपाखरू नाही. तरी जाड भिंतीपलीकडून कुणी बांगड्या आपटाव्यात तसा आवाज... मंद, थांबून थांबून...

"उघडा ना... मी आतलीच आहे..."

हिमानी धावत घरात गेली. अनयकाकांनी होमला फोन लावला. आजी जेवून झोपल्या आहेत, असं नर्स म्हणाली. फक्त हात कशाने सोललेत ते कळत नाही. काकांनी फोन ठेवला, हे बाहेर बोलायचं नाही म्हणून बजावलं, आणि सोमवारी माणूस बोलावून लॉनवर नवं गवत अंथरून घेतलं.

माझे आई-बाबा परवा त्याच होममध्ये आमच्या आजीसाठी खोली बघून आले. आमच्या लॉनवरही रेघ आली आहे. दारासमोर अजून थोडं हिरवं आहे. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तरी दोन्ही टोकं जवळ येत चालली आहेत. आज मी आईला सांगणारच आहे की आजीला कुठेही... थांबा, खालून आई हाक मारतेय, आजीला बाय करायला ये म्हणून. गाडी सुरू झाल्याचा आवाज येतोय, आणि मी अजून