डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

गाडी घ्यायचं ठरलं ते जाईच्या खोकल्यामुळे. २०१५च्या सप्टेंबरात इंडोनेशियातल्या जळत्या रानांचा धूर सिंगापूरवर येऊन बसला होता. चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमधून समोरचा ब्लॉकसुद्धा धड दिसत नव्हता. आमची लेक जाई तेव्हा दुसरीत होती आणि तिला दमा. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत मास्क लावून चालतानाही ती खोकून खोकून लालबुंद व्हायची. शेवटी अश्लेषा म्हणाली, "सीओई संपत आलेलं का असेना, एखादं डबडं घेऊन टाक, प्रबोध." सीओई म्हणजे इथला गाडी ठेवायचा दहा वर्षांचा परवाना; तो संपत आला की गाडी स्वस्तात मिळते. बायकोचं ऐकावं म्हणतात. मी डबडंच घेतलं.

थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

माझं काम सर्व्हर सांभाळायचं. आमच्या टीमला दिवसभर अलर्ट येतात आणि त्यातले निम्मे उगीचच असतात. ते क्लिअर करायचे, परत आले तर बघू म्हणायचं आणि चहाला जायचं, ही आमची रीत. वर्षानुवर्षं हेच केलेला माणूस वर्कशॉप कशाला शोधेल? मी ऑनलाइन स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढी वस्तू. स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवायची, की ती ब्लूटूथवरून फोनवर गाडीचं दुखणं सांगते. माझ्या फोनवर आलं, ऑक्सिजन सेन्सरमध्ये बिघाड. खाली दोन बटणं होती, एक तपशील बघायचं आणि एक क्लिअर करायचं. तपशील कोण वाचतो!

क्लिअर दाबलं. दिवा गेला. मागच्या सीटवर जाई खोकत होती, तीही थांबली.

त्या वेळी मला त्यात काहीच वाटलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. नंतर आठवडाभर जाई खोकलीच नाही. आजार हत्तीच्या पायाने येतो आणि मुंगीच्या पायाने जातो म्हणतात, पण आमच्याकडची मुंगी पळतच गेली होती. अश्लेषाने गाडीच्या बॉनेटला कुंकू लावलं.

मग एका दुपारी ऑफिसच्या कारपार्कमधून गाडी बाहेर काढताना दिवा पुन्हा लागला. मी स्कॅनर लावतोय तोवर अश्लेषाचा फोन. शाळेतून बोलावलं होतं, जाईचा खोकला आवरत नव्हता. मागे तो ऐकू येत होता, कोरडा, भांडं खरवडल्यासारखा. मी तिच्याशी बोलता बोलता सवयीने क्लिअर दाबलं.

"थांबली रे," अश्लेषा म्हणाली. "एकदम थांबली. बाई, सुटले!"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या विझलेल्या जागेकडे बघत बसलो.

मी इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट दोनदा झाली की मला ती मुद्दाम तिसऱ्यांदा करून बघावीशी वाटते. पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा मी तो तसाच राहू दिला. संध्याकाळपर्यंत जाईला बोलताही येईना. मी खाली कारपार्कमध्ये गेलो. आमचं कारपार्क मल्टिस्टोरी, तिथल्या डेकवरून आमची स्वयंपाकघराची खिडकी दिसते. खिडकीत अश्लेषा जाईला कडेवर घेऊन उभी होती. मी क्लिअर दाबलं. अश्लेषाचा जाईच्या पाठीवर थोपटणारा हात थांबला. तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली, सरळ माझ्याकडे.

वर गेल्यावर तिने फक्त विचारलं, "दिवा होता?"

"होता."

"मग इतका वेळ का ठेवलास?"

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत विचारायची, "लागलाय का? लागला असेल तर घालव आधी." मी एकदा म्हटलं, "अगं, दिवा घालवला म्हणजे बिघाड जात नाही. बिघाड आतच असतो."

"मला माझी पोरगी खोकताना बघवत नाही," ती म्हणाली. "तुला बघवत असेल तर बघ."

मलाही बघवत नव्हतं. मी घालवत राहिलो. मग दिवा लागायचाच बंद झाला.

पावसाने धूर धुऊन नेला, आभाळ निळं झालं. आम्ही सुखात असायला हवं होतं. पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. सिग्नलला थांबलो की नजर त्या जागेवर जायची. दिवा नसला तरी चैन पडायचं नाही.

एका शनिवारी दार उघडलं तर ग्रिलला पिशवी अडकवलेली. आत पेअर आणि खडीसाखर. शेजारच्या टॅन आंटी लिफ्टशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बॉइल फॉर युअर गर्ल लाह. सो पुअर थिंग." खोकल्यावर इथल्या चिनी घरांत हे उकडून देतात.

"खोकला कधीच गेला, आंटी," अश्लेषा हसून म्हणाली.

आंटींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लिफ्ट आली आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर नोव्हेनाच्या हॉस्पिटलात जाईची तपासणी होती. डॉक्टरांनी जाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि औषधाचा डोस दुप्पट केला. अश्लेषा म्हणाली, "पण तिला आता काहीच त्रास नाहीये." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, आणि जाईला काय होतं ते सोडून आम्हा दोघांना झोप कशी लागते, कामाचा ताण आहे का, असं काहीतरी विचारत बसले. बाहेर आल्यावर अश्लेषा खूप चिडली. मला मात्र भीती वाटली.

त्या रविवारी आम्ही मरीन परेडला माझ्या मित्राकडे, सौमित्रकडे जेवायला निघालो. स्वच्छ ऊन होतं. खिडक्या उघड्या, रेडिओ हळू लावलेला. मी आरशात पाहिलं.

जाईचं तोंड उघडं होतं. खांदे उडत होते. मान ताठ, डोळ्यांत पाणी, एक मूठ छातीवर.

आवाज नव्हता.

रेडिओवरच्या बाईंचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. जाईचा काही नाही.

डॅशबोर्डवर दिवा नव्हता.

पहिलं कारपार्क दिसलं तिथे मी गाडी घातली. अश्लेषा उतरून मागे धावली. "घास अडकला का गं? जाई! काय होतंय?"

जाईने दम घेतला, बाहीने तोंड पुसलं. तिला आमच्या धावपळीचंच नवल वाटत होतं.

"कफिंग ओन्ली, आई," ती म्हणाली. "एव्हरी नाइट ऑल्सो असंच होतं. मी खोकता खोकता हाक मारते ना तुम्हाला. यू ऑल नेव्हर कम."

अश्लेषाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने जाईला बाहेर घेतलं, जवळ धरलं. पुन्हा ते खांदे उडू लागले. अश्लेषाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

"हाताला लागतंय," ती अगदी हळू म्हणाली. "प्रबोध, तिचा खोकला माझ्या हाताला लागतोय, कानाला नाही."

मी स्कॅनर लावला. बिघाड नाही, असं आलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

तीन गाड्या पलीकडे एक बाई डिकीत सामान ठेवत होती. आमच्याकडे तिची पाठ होती. ती मध्येच थबकली, वळली आणि सरळ जाईकडे बघितलं. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून ती आमच्याकडे आली, टोपण उघडलं आणि बाटली हातात धरून थांबली, खोकला ओसरेपर्यंत.