उघडा राहिलेला फोटो

वाळूजच्या त्या कारखान्यात तनुजा पहिल्यांदा गेली ती भांडायच्याच तयारीनं.

तिनं लिहिलेला प्रोग्राम दोन दिवस मध्येच अडकत होता. काम तसं साधं. लाइनवरचे कॅमेरे तयार मालाचे फोटो काढायचे, आणि जुने फोटो साठून कॉम्प्युटर भरत जायचे. तनुजाचा प्रोग्राम जुन्या फोल्डरात शिरायचा, मग त्यातल्या फोल्डरात, मग त्याच्याही आतल्या. अगदी आतून पुसत पुसत बाहेर यायचा आणि शेवटी रिकामे फोल्डरही काढून टाकायचा. कारखान्यात काही कॉम्प्युटर लिनक्सचे होते, काही विंडोजचे. लिनक्सवर सगळं सुरळीत. विंडोजवर मात्र एका जागी येऊन थांबायचा, आणि थांबला की पुढचं सगळं तसंच राहायचं. तिथले कॉम्प्युटर बाहेरच्या इंटरनेटला जोडलेले नव्हते. शहरात औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात बसून काही करता येत नव्हतं. भुरभुर पावसात स्कूटी काढावी लागली.

"या कॉम्प्युटरवर कोण बसतं?"

"मी." निळ्या टोपीचा, पंचविशीतला एक जण उठून उभा राहिला. "संघपाल. माल तपासतो. काय झालं, मॅडम?"

"हा मागच्या महिन्यातला फोटो तुम्ही उघडा ठेवलाय."

"व्हय. त्यात ओरखडा आहे. तसलाच आज परत आला, म्हणून शेजारी ठेवून बघत होतो."

"उघडा फोटो विंडोज पुसू देत नाही. कोणीतरी वापरतंय म्हणून अडून बसतं."

"आन् ते दुसरं? लिनक्स?"

"ते नाही अडत. उघडा असला तरी पुसून मोकळं."

तो जरा विचारात पडला. "मग विंडोजच बरं म्हणायचं. माणूस बघतोय तंवर हिसकावून तर घेत नाय."

तनुजाला हसू आलं. भांडायचं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"मॅडम, तुमचा प्रोग्राम अडकला."

"फोटो उघडा आहे का?"

"आहे."

"मग बंद करा ना!"

"करतो की... पण म्हटलं, तुम्ही येऊन एकदा बघाल."

ती गेली. सिग्नलला स्कूटीच्या आरशात बघून तिनं केस नीट केले, आणि मग स्वतःवरच चिडली — कशाला?

काम दोन मिनिटांचं होतं. गेटबाहेरच्या टपरीवर चहा मात्र बराच वेळ चालला.

"कोणता फोटो होता आज?" तिनं विचारलं.

"कुठला का असंना. हाताला लागला तो."

"म्हणजे मुद्दाम?"

"तुम्ही रागावणार असाल, तर चुकून."

ती रागावली नाही. ग्लास हातात फिरवत म्हणाली, "खरं सांगू? चार ओळी लिहिल्या की हा प्रश्नच मिटतो. अडलेला फोटो सोड, पुढं चल, थोड्या वेळानं परत येऊन बघ. बस्स."

"मग लिहीत का नाय?"

"लिहीन की... काय घाई आहे?"

संघपालनं तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घालून हसला. त्या दिवशी टपरीवरून उठताना तो पहिल्यांदा म्हणाला, "सावकाश जा, तनुजा. रस्ता ओला आहे."

मग ते सुरूच झालं. फोटो अडायचा, फोन यायचा, तनुजा जायची. ऑफिसात मालक काकासाहेब म्हणायचे, "पोरी, त्या प्रोग्रामला नजर लागलीय का काय?" ती म्हणायची, "विंडोजचं असंच असतं, सर." चार ओळी काही लिहिल्या जात नव्हत्या. तिला उगाचच गाणं गुणगुणावंसं वाटायचं, आणि वाळूजच्या रस्त्यावरचे ट्रक, धूळ, पाळी सुटल्यावरची गर्दी, कशाचाही त्रास व्हायचा नाही.

एका शुक्रवारी त्याचा फोन आला तेव्हा ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं होती.

"आज जमणार नाही रे."

"मग बंद करू का फोटो? शनवार-रविवार लई माल आहे. तिन्ही पाळ्या चालणारेत."

तिनं क्षणभर विचार केला. बंद केला की सोमवारी जायला कारण उरत नव्हतं.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "सोमवारी येते ना मी..."

"बघ हां."

"बघितलं."

रविवारी कॉम्प्युटर भरला. नवा फोटो ठेवायला जागा नाही, म्हणून कॅमेरे थांबले. फोटोशिवाय माल पुढं जात नव्हता, म्हणून लाइन थांबली. माणसं हात बांधून बसून राहिली आणि सोमवारी सकाळी कारखान्यातून काकासाहेबांना बोलावणं आलं.

वाटेत गाडीत ते तनुजाला म्हणाले, "तू खोटं बोलू नकोस. फोटो त्यानं उघडा ठेवला होता ना? तेवढंच सांग. हे काम गेलं तर आपलं ऑफिस टिकत नाही. आणि दिवाळीला तुला नोकरीत पक्की करायचं चाललंय, ते तुला माहीतच आहे."

कारखान्याच्या मॅनेजर साहेबांनी सरळ विचारलं, "प्रोग्रामची चूक की माणसाची?"

संघपाल दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. तनुजानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"फोटो... ऑपरेटरकडून उघडा राहिला होता, सर."

ती खोटं बोलली नव्हती. पुढं कितीतरी दिवस तिनं स्वतःला हेच सांगितलं.

"कोणी सांगितलं होतं रे उघडा ठेवायला?" साहेब त्याच्याकडं वळले.

तनुजानं टेबलावरच्या कागदाची कड धरून ठेवली. संघपाल थोडा वेळ थांबला. जरा जास्तच थांबला.

"कोणी नाय, साहेब. माझंच चुकलं."

तो ठेकेदाराचा माणूस होता. दुपारी त्याचं गेटचं कार्ड काढून घेतलं, काम सुटलं. तनुजानं तिथंच बसून त्या चार ओळी लिहिल्या. प्रोग्राम सगळ्या कॉम्प्युटरांवर एका दमात चालला. काकासाहेबांनी पाठ थोपटली.

फोन तो उचलत नव्हता. दौलताबादला त्याच्या मावशीची सीताफळं विकायचं पाल आहे, एवढं तिला माहीत होतं. रविवारी ती गेली. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला तो पाटीत फळं रचत बसला होता.

"मॅडम, तुम्ही?" तो उठला. "बसा."

ती बसली नाही. "मी साहेबांना खरं सांगते. मीच राहू दे म्हणाले होते."

"आता माझ्या जागी दुसरा लागला. त्याला काढतील. त्याचं पण घर असंल की." तो शांतपणे म्हणाला. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"संघपाल, मला तू आवडतोस..." सगळ्या वाटेत जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडून एकदाचं बाहेर पडलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून तर गप बसलो."

"मग —"

"मला वाटलं, मी गप बसलो की तुम्ही बोलाल."

त्यानं एक फळ उचललं, फिरवून बघितलं, बाजूला ठेवलं.

"त्या चार ओळी लिहिल्या?"

"हो."

"आता अडत नाय ना?"

"नाही."

"चांगलं झालं," तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला.

पुण्याच्या नंबरची एक गाडी कडेला लागली. काच खाली झाली. "कशी दिली सीताफळं?"

"या, ताई. आजची आहेत, हातात घेऊन बघा." तो गाडीकडं गेला. तनुजा उभी राहिली. त्यानं फळं निवडली, पिशवीत भरली, सुटे मोजून परत दिले. मागं आणखी एक गाडी लागली. तो तिकडं गेला.

पालात बसलेल्या म्हातारीनं मान वर केली. "आन् तुला काय देऊ, बाई?"

"काही नाही, मावशी," तनुजा म्हणाली, आणि तिनं स्कूटी चालू केली.